बाटलीवर गावाचं नाव, ताटात वितळलेलं चीज: फ्रान्सची आणि आल्प्सची वाइन समजून घेताना

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांच्या ईएफटीए गटाबरोबरचा भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यापाठोपाठ २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दोन्हीकडे वाइनचा विषय आहे. परदेशी वाइनवर आपल्याकडे आजवर १५० टक्के आयात शुल्क होतं, ते टप्प्याटप्प्याने उतरायचं ठरलंय. मी काही वर्षं आल्प्सच्या पायथ्याशी, शांबेरी गावात काढली. त्यामुळे ही बातमी आल्यापासून नातेवाईक आणि मित्र मला हमखास विचारतात, "फ्रेंच वाइन घ्यायची तर कुठली घ्यायची? आणि कशाबरोबर प्यायची?"

नावांची यादी देता येईल, पण ती दुकानात गेल्यावर विसरायला होते. दोन गोष्टी कळल्या की यादीची गरज उरत नाही. लेबल काय सांगतं ही पहिली. आंबट, तुरट आणि गोड यांची जेवणाशी कशी सांगड बसते ही दुसरी. या दोन्ही शिकायला मला आल्प्सचा भाग सगळ्यात सोपा वाटतो, कारण तिथलं चीज आणि तिथली वाइन शेजारी शेजारी वाढलेली आहेत.

द्राक्षाचं नाव कुठे गेलं?

नाशिकच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'शिराझ' किंवा 'शेनिन ब्लां' लिहिलेलं असतं. ती द्राक्षांच्या जातींची नावं. फ्रेंच बाटलीवर मात्र 'शाब्ली', 'सांसेर', 'बोझोले' असं काहीतरी दिसतं, आणि ही द्राक्षं नव्हेत, गावं किंवा मुलूख आहेत. आपला माणूस इथेच अडतो.

आंब्याच्या दिवसांत आपण मंडईत काय विचारतो ते आठवा. "देवगड आहे की रत्नागिरी?" हापूस हा शब्द बोलायचीही गरज नसते, तो गृहीत असतो. फ्रेंच लोकांनी हेच केलं आहे. शाब्ली म्हटलं की द्राक्ष शार्दोने, दुसरं असूच शकत नाही. पांढरी सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लां. लाल बोझोले म्हणजे गामे. बर्गंडीची लाल म्हणजे बहुतेक वेळा पिनो न्वार. बोर्दोच्या लाल वाइनमध्ये मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो यांचं मिश्रण असतं. आल्सास हा मुलूख तेवढा अपवाद, तिथे द्राक्षाचं नाव लेबलावर सापडतं.

गावाचं नाव लावण्याचा हा हक्क कायद्याने बांधलेला आहे. त्याला 'आपेलासिओं' म्हणतात, लेबलावर ते एओसी किंवा एओपी अशा अक्षरांत येतं. आपल्या जीआय मानांकनाचा हा थोरला भाऊ समजा, फक्त शिस्त जास्त कडक. कुठल्या जातीची द्राक्षं लावायची, हेक्टरी किती उत्पन्न काढायचं, छाटणी कशी करायची, सगळं ठरलेलं. ही राष्ट्रीय व्यवस्था १९३५ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी मान्यता मिळालेल्या पहिल्या काही नावांत जुरा डोंगररांगेतलं आर्ब्वा हे छोटं गाव होतं. त्या गावाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

एक लेबल जवळून पाहू

माझ्यासमोर एक रिकामी बाटली आहे, ती मी आठवण म्हणून ठेवली आहे. वर लिहिलंय 'व्हां द साव्वा', म्हणजे साव्वाची वाइन. साव्वा हा फ्रान्सचा आल्प्समधला मुलूख, जिनिव्हाच्या तळ्यापासून शांबेरीच्या दक्षिणेपर्यंत पसरलेला. त्याखाली 'आप्रमों', हे गाव. द्राक्षाचं नाव कुठेच नाही. पण आप्रमों म्हटलं की द्राक्ष 'झाकेर' हे ठरलेलं. त्याखाली एक ओळ आहे, तिचा अर्थ 'मळ्यावरच बाटलीबंद केलेली'. ही ओळ मी नेहमी शोधतो. ज्याने द्राक्षं पिकवली त्यानेच वाइन करून बाटलीत भरली, असं ती सांगते. कोपऱ्यात अल्कोहोलचं प्रमाण आहे, साधारण ११ टक्के. त्यावरून वाइन किती हलकी ते कळतं. १४ टक्क्यांची वाइन तोंडात जड आणि उष्ण लागते, ११ टक्क्यांची पाण्यासारखी सरसर उतरते.

याउलट 'ग्रां व्हां', म्हणजे 'थोर वाइन', किंवा 'जुन्या वेलींची' असं लिहिलेलं दिसलं तर भुलू नका. या शब्दांमागे कायद्याची व्याख्या नाही.

आप्रमोंच्या जमिनीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २४ नोव्हेंबर १२४८ च्या रात्री माँ ग्रानिए या डोंगराचा एक अख्खा कडा कोसळला आणि खालची गावं गाडली गेली. त्या चुनखडीच्या ढिगाऱ्यावर पुढे द्राक्षाच्या वेली लागल्या, आज आप्रमों आणि शेजारच्या अबीमची वाइन येते ती तिथूनच. मी मळ्यातून चालत गेलो आहे. वेलींच्या ओळींमध्येच घराएवढे दगड अजून पडलेले आहेत, कोणी हलवलेले नाहीत. वर मान केली की डोंगराची तुटलेली सरळसोट भिंत दिसते.

डोंगरावर आंबटपणा का टिकतो?

कैरीचा आंबा होताना काय होतं? आंबटपणा उतरत जातो आणि साखर चढत जाते. द्राक्षाचंही तसंच. ऊन जास्त आणि रात्री उबदार असतील तर द्राक्षं भराभर पिकतात, आम्ल झपाट्याने कमी होतं. डोंगरात दिवसा ऊन मिळतं, पण सूर्य कलला की गारठा पडतो, आणि रात्रीच्या थंडीत आम्ल जळण्याचा वेग मंदावतो. म्हणून आल्प्सच्या पांढऱ्या वाइनला लिंबाच्या फोडीसारखी धार असते. साखर बेताची, म्हणून अल्कोहोलही बेताचं.

उंची किती असते? स्वित्झर्लंडच्या व्हाले खोऱ्यात फिस्पर्टर्मिनेन गावाचे मळे सुमारे ११५० मीटरपर्यंत चढतात. इटलीच्या आओस्ता खोऱ्यात, माँ ब्लांच्या सावलीत, मोर्झेच्या मळ्यांची उंचीही जवळपास तेवढीच आहे. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, म्हणजे या वेली पाचगणी-महाबळेश्वरच्या उंचीला स्पर्धा करतात, आणि तेही वर्षातले काही महिने बर्फ झेलून.

साव्वाचं महाराष्ट्राशी एक नातंही आहे. नाशिकच्या बाटलीवर जे शिराझ दिसतं, त्याचे आईबाप कोण ते डीएनए तपासणीतून १९९० च्या दशकात कळलं. त्यातलं एक 'मोंदोझ ब्लांश', साव्वाचं जुनं पांढरं द्राक्ष. शिराझचं आजोळच आल्प्सच्या पायथ्याला म्हणायचं. नाशिकला मोठ्या प्रमाणात लागलेलं शेनिन ब्लांही मूळचं फ्रान्सचं, ल्वार नदीच्या खोऱ्यातलं.

ताटाची डावी बाजू

आता जोडीचा प्रश्न. यावर जाडजूड पुस्तकं निघाली आहेत, पण ज्याने मराठी ताट वाढलं आहे त्याला यातलं बरंच आधीच येतं.

ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं का असतं? उजव्या बाजूच्या तुपाळ, तेलकट, मऊ पदार्थांना छेद द्यायला. जिलेबीबरोबर मठ्ठा का? गोडाने आणि तुपाने तोंड भरलं की आंबट घोटाने ते मोकळं होतं आणि पुढची जिलेबी पहिल्यासारखी लागते. तळलेल्या माशाबरोबर सोलकढी का? तेच कारण. आल्प्सची झाकेर किंवा स्वित्झर्लंडची 'फांदां' ही पांढरी वाइन म्हणजे त्या लोकांची सोलकढी. चीज आणि बटाट्याच्या जड जेवणात ती डाव्या बाजूचं काम करते.

दुसरी चव तुरट. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही गोष्ट समजावताना दमछाक होते, आपल्याकडे ती षड्रसांतच आहे. आवळा चावल्यावर, जांभूळ खाल्ल्यावर, सुपारी चघळल्यावर जीभ आकसते ना, तेच. लाल वाइनमध्ये हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, त्या द्रव्याला 'टॅनिन' म्हणतात. टॅनिन प्रथिनाला चिकटतं. लाळेतल्या प्रथिनाला चिकटलं की तोंड कोरडं पडतं. कडक कोऱ्या चहात दूध घातल्यावर चहा मवाळ होतो तो याच कारणाने, टॅनिन दुधाच्या प्रथिनाला धरून बसतं. म्हणून तुरट लाल वाइन रसरशीत मटणाबरोबर छान लागते आणि साध्या उकडलेल्या भाजीबरोबर नुसती बोचते.

तिसरी गोड. वाइन 'ड्राय' आहे म्हणजे गोड नाही, एवढाच त्याचा अर्थ. शॅम्पेनमध्ये मात्र शब्द फसवतात. 'ब्रूत' लिहिलेली कोरडी असते, लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'सेक' या शब्दाचा अर्थ कोरडी, पण तिच्यात १७ ते ३२ ग्रॅम साखर असते. गोडाचा नियम एकच: वाइन पदार्थापेक्षा कमी गोड नको. बासुंदी खाऊन लगेच साखरेचा चहा प्यायलात तर चहा फिका लागतो, तसं होतं.

आणि चौथी गोष्ट, वजन. हलक्या जेवणाला हलकी वाइन, जड जेवणाला जड किंवा मग धारदार आंबट. वरणभात आणि झणझणीत रस्सा एकाच घासात कालवत नाही आपण.

फॉन्ड्यूचं भांडं

हे सगळं मला खरं कळलं ते शांबेरीतल्या पहिल्या हिवाळ्यात. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. एका रविवारी त्यांनी फॉन्ड्यू, म्हणजे वाइनमध्ये वितळवलेलं चीज, खायला बोलावलं. मातीचं जाड भांडं, त्याला 'काकलों' म्हणतात. आजींनी लसणाची पाकळी अर्धी कापून ती भांड्याच्या आतून सगळीकडे घासली. मग त्यात आप्रमोंचा पेलाभर घोट ओतला, तो गरम झाल्यावर किसलेलं बोफोर आणि कोंते चीज मूठमूठ करून टाकत गेल्या. लाकडी चमचा इंग्रजी आठच्या आकारात फिरवत होत्या. गोल फिरवलं तर गोळा होतो, म्हणाल्या.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आंबट पडलं की दूध फाटतं हे आपण लहानपणापासून बघतो, पनीर तसंच होतं. इथे आंबट वाइनमध्ये चीज शिजत होतं आणि फाटायच्या ऐवजी रेशमासारखं एकजीव होत होतं. कारण चीजमध्ये प्रथिनं आधीच थिजलेली असतात, कॅल्शियमने एकमेकांना घट्ट बांधलेली. नुसती उष्णता दिली तर ती आकसून चिवट गोळा होतात आणि तूप वेगळं सुटतं. वाइनमधलं आम्ल त्या कॅल्शियमला धरतं, बांधणी सैल पडते आणि मोकळी झालेली प्रथिनं तुपाला सांभाळून घेतात. वाइन पुरेशी आंबट नसेल तर आजी लिंबू पिळायच्या. म्हणजे आप्रमों आधी भांड्यात काम करते आणि मग पेल्यात.

शेवटी भांड्याच्या तळाशी खरपूस पापुद्रा उरला. आजींनी तो सुरीने सोडवला आणि मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. "हा घे, हाच सगळ्यात चांगला." फ्रेंचमध्ये त्याला 'ला रलिझ्यूझ', म्हणजे जोगीण, म्हणतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे दुधाच्या भांड्याच्या तळाला जी राहते तिला खरवड म्हणतात आणि तिच्यावरून भावंडांत भांडणं होतात. त्या म्हणाल्या, "इथेही होतात."

फॉन्ड्यूबरोबर गार पाणी प्यायचं नाही, पोटात चीजचा गोळा होतो, वाइनच प्यायची, असं तिथे सगळे ठासून सांगतात. झुरिकमधल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. काही जणांना फॉन्ड्यूबरोबर वाइन दिली, काहींना कोरा चहा. वाइन घेणाऱ्यांचं पोट उलट हळू रिकामं झालं. तेव्हा चवीसाठी वाइन ठीक, पचनाचं निमित्त नको.

मग लाल वाइन चीजबरोबर चालतच नाही?

चालते, पण कुठली ते बघायला हवं. त्याच हिवाळ्यात एका मित्राकडे राक्लेटच्या, म्हणजे वितळवून बटाट्यावर घ्यायच्या चीजच्या, जेवणाला मी बोर्दोची तरुण, गडद लाल बाटली घेऊन गेलो होतो. महाग होती, मान राखल्यासारखं वाटेल असा विचार. वितळलेल्या मलईदार चीजवर तिचा घोट घेतला तर तोंडात खडूची पूड उरल्यासारखं झालं आणि मागे कडवटपणा. चीजही बिघडलं, वाइनही. मित्राने काही न बोलता फ्रिजमधून साधी पांढरी काढली. बोर्दो दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडच्या कोकराच्या मटणाबरोबर उघडी होती तेव्हा सुरेख लागली.

लाल हवीच असेल तर कमी तुरट घ्या. बोझोलेची गामे, जुराची फिकट 'पूलसार', इटलीच्या दक्षिण टिरोलमधली 'स्कियावा'. पूलसारचा रंग इतका पातळ असतो की पेल्यापलीकडची बोटं दिसतात. साव्वाची स्वतःची लाल म्हणजे 'मोंदोझ', गडद, काळ्या मिऱ्याचा स्पष्ट वास असलेली. ती तिथल्या 'दियो' नावाच्या डुकराच्या सॉसेजबरोबर पितात, फॉन्ड्यूबरोबर नाही.

साव्वाचं रब्लोशों चीज खाल्लं असेल तर त्याचीही एक हकीकत ऐका. जुन्या काळी शेतकऱ्यांना दुधाच्या मोजमापावर जमीनदाराला खंड द्यावा लागे. मोजणीच्या वेळी ते गाय अर्धवट पिळत, आणि मोजणारा गेला की उरलेल्या धारा काढत. शेवटच्या धारांचं दूध दाट असतं हे गोठ्यात काम केलेल्या कोणालाही माहीत आहे. त्या दाट दुधाचं हे मऊ चीज. त्याच्याबरोबर 'आल्तेस' द्राक्षाची, 'रूसेत द साव्वा' या नावाने मिळणारी पांढरी घ्या. झाकेरपेक्षा ती अंगाने भरलेली असते, म्हणून त्या मलईला पुरून उरते.

मेथीचा वास येणारी वाइन

जुरा ही आल्प्स नव्हे, फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरची वेगळी, बुटकी डोंगररांग. पण आल्प्सच्या वाइनची गोष्ट तिच्याशिवाय अपुरी राहते, आणि माझं मन तर तिथेच अडकलेलं आहे. लुई पाश्चरचं बालपण इथल्या आर्ब्वा गावात गेलं. वाइन का बिघडते याचे प्रयोग त्याने १८६० च्या दशकात केले, त्यातून आजच्या पाश्चरीकरणाची वाट निघाली. गावाजवळ त्याचा स्वतःचा छोटा मळाही होता.

इथली 'व्हां झोन', म्हणजे पिवळी वाइन, करायची रीत सगळ्या शहाणपणाच्या उलट आहे. हवा लागली की वाइन आंबून सिरका होते, म्हणून जगभर लाकडी पिंप काठोकाठ भरून ठेवतात. जुरात 'साव्हान्यां' द्राक्षाची वाइन पिंपात घालतात आणि वर्षानुवर्षं भर घालत नाहीत. वाइन उडत जाते, वर पोकळी होते. मग पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असला की खालचं लोणचं टिकतं ना, तसं ही साय वाइनला राखते, आणि राखता राखता तिची चवही बदलून टाकते. सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ती पिंपातच राहायला हवी, असा नियम आहे. एवढ्या काळात लिटरचे साधारण ६२ सेंटिलिटर उरतात, म्हणून तिची बुटकी, रुंद खांद्यांची 'क्लाव्हलां' बाटली बरोबर ६२ सेंटिलिटरची असते.

आर्ब्वातल्या एका तळघरात पहिल्यांदा पेला नाकाशी नेला तेव्हा मला अक्रोड, सुकी सफरचंदं वगैरे सांगण्यात आलं. मला मात्र थेट मेथीदाणे आठवले, फोडणीत टाकल्यावर तांबूस होताना येतो तो वास. नंतर कळलं की तो भास नव्हता. 'सोटोलोन' नावाचं एक सुगंधी द्रव्य व्हां झोनमध्ये असतं, आणि मेथीदाण्याच्या वासामागेही हेच द्रव्य आहे. तिथले लोक ती मोरेल अळंबी आणि साय घालून केलेल्या कोंबडीबरोबर, किंवा मुरलेल्या कोंते चीज आणि अक्रोडाबरोबर घेतात. पण मसाल्याच्या जेवणाबरोबर कुठली वाइन असं मला कोणी विचारलं, तर माझं पहिलं उत्तर ही असतं. मेथीचं वरण, कमी तिखटाची काजू घालून केलेली कोंबडी, यांच्याशी ती जुन्या ओळखीच्या माणसासारखी बोलते.

"आपलं जेवण तिखट, त्याचं काय?"

मिरचीची आग आणि अल्कोहोलची उष्णता जिभेवरच्या एकाच संवेदकाला जाऊन भिडतात. त्यामुळे १४ टक्क्यांची लाल वाइन तिखटावर तेल ओतते. तुरटपणाने आणखी भर पडते. म्हणून तिखटाला कमी अल्कोहोलची, थंड आणि थोडी गोडसर पांढरी बरी. उदाहरणार्थ ल्वारची 'दमी-सेक', म्हणजे अर्धी कोरडी, व्हुव्हरे. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर मात्र मी वाइन सुचवणार नाही. तिथे सोलकढीच हवी.

भजी, साबुदाणा वडे, रव्यात घोळवून तळलेली सुरमई यांना आप्रमों किंवा समुद्राकाठची म्युस्कादे चपखल बसते, कारण तिथे काम लिंबाचं आहे.

"माशाला पांढरी, मटणाला लाल, एवढं पुरे नाही का?"

नव्वद टक्के वेळा पुरतं. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात रेंगाळतो, हे प्रयोगांतून दिसलं आहे, तेव्हा नियमाला आधार आहे. जिनिव्हाच्या तळ्यातल्या छोट्या पर्च माशांचे तळलेले तुकडे आणि काठावरच्या लाव्हो मळ्यांची 'शास्ला' ही जोडी घेतली की तो नियम कसा जन्माला आला असेल ते समजतं. लाव्होचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे २००७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, रेल्वेतूनही दिसतात. तरी कमी तुरट लाल थोडी गार करून जाडसर माशाबरोबर चालते. रंगापेक्षा तुरटपणा बघा.

गार करण्यावरून आठवलं. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य युरोपातल्या दगडी, थंड घरांतलं आहे. पुण्याच्या एप्रिलमधल्या ३५ अंशांच्या खोलीतलं नाही. लालला अर्धा तास फ्रिज द्या. पांढरी ८ ते १० अंशांवर ठीक, त्याहून बर्फगार केली तर वासच उघडत नाही. व्हां झोनला १४-१५ अंश हवेत.

"जुनी आणि महाग तीच चांगली ना?"

झाकेर वर्षा-दोन वर्षांत प्यावी, ठेवून तिची धार बोथट होते. व्हां झोन कित्येक दशकं टिकते. म्हणजे वय द्राक्षावर आणि पद्धतीवर अवलंबून. किमतीचं म्हणाल तर बोर्दो आणि बर्गंडीत नावाचे पैसे मोठे असतात. साव्वाची वाइन बराच काळ स्कीइंगला येणारे पर्यटकच पिऊन संपवत, म्हणून तिचं नाव बाहेर गेलं नाही आणि भाव त्या मानाने आवाक्यात राहिले. स्विस वाइन तर देशाबाहेर जेमतेम एक-दोन टक्केच जाते. शुल्क कितीही उतरलं तरी ती मुंबईच्या दुकानात ढिगाने दिसेल असं मला वाटत नाही. ती तिथे जाऊनच चाखायची.

शाकाहारी असाल तर

हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. कोंते, बोफोर, रब्लोशों, ग्रुयेर ही पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने थिजवतात. फॉन्ड्यूत मांसाचा तुकडा नसला तरी काटेकोर शाकाहारी माणसाला ती चालणार नाही. वाइन गाळतानाही काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासूनचं द्रव्य वापरतात. 'व्हीगन' असं लेबलावर असेल तर प्रश्न मिटतो.

तब्येतीबद्दलही. रोज एक पेला लाल वाइन हृदयाला चांगली, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही, आणि वाइनही त्यात आलीच. जो पीत नाही त्याने या लेखामुळे सुरू करावं असं काही यात नाही.

टूरवर गेलात तर काय मागायचं?

स्वित्झर्लंडच्या रेस्तराँत अख्खी बाटली घ्यावी लागत नाही. उघडी वाइन डेसिलिटरने मिळते. 'एक डेसी' म्हणजे १०० मिलिलिटर, चव बघायला भरपूर. मेन्यूवर राक्लेट असेल तर एक डेसी फांदां सांगा. चीजचं अर्धं चाक आचेसमोर धरून वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यावर खरवडून देतात. बाजूला व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या आणि कांदे येतात, ती त्यांची डावी बाजू. आधी चीज-बटाट्याचा घास, मग काकडीचा तुकडा, मग घोट, मग पुन्हा घास. बरोबरच्या न पिणाऱ्या माणसासाठी कोरा चहा मागवा. तिथल्या घरांतही वाइन न घेणारे चीजच्या जेवणाबरोबर तोच पितात, गरम आणि जरासा तुरट.